लेकरू एकच, कागद चार

आज थोडं लांबलचक लिहितो आहे. बातमीच्या चौकटीत हे बसत नाही, म्हणून इथे. विषय ऐकायला कोरडा आहे: रक्ताच्या रिपोर्टवर काय लिहिलेलं असावं, आणि तो रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात कसा पोचावा. पण याच कोरड्या विषयापायी माझ्या बहिणीच्या घरात काही महिने खोटा आनंद आला आणि त्यानंतर एक फार वाईट रात्र आली. त्यात माझीही चूक आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, वीस वर्षं बातम्या लिहिणारा माणूस एका कागदावरची दोन अक्षरं चुकीची वाचतो, तेव्हा बाकीच्यांचं काय होत असेल?

बाहेरच्या वाचकांसाठी आधी आमचा भूगोल. केशोरी म्हणजे गोंदिया जिल्ह्याचं पार दक्षिण टोक, तालुका अर्जुनी मोरगाव. धान आणि मिरचीचं गाव. थोडं पुढं गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो. दुखणं वाढलं की आम्ही जिल्हा बघत नाही, गाडी कुठली मिळते ते बघतो. कोणी अर्जुनीला जातो, कोणी वडसा, कोणी ब्रह्मपुरी, कोणी साकोली. अगदीच जड झालं तर गोंदिया नाहीतर नागपूर. म्हणजे एकाच घरातल्या एका पेशंटचे कागद गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि नागपूर अशा पाच जिल्ह्यांत विखुरलेले असतात. सरकारी नोंदी मात्र जिल्ह्याच्या हद्दीत थांबतात.

माझा भाचा तेरा वर्षांचा. बहिणीचं सासर हद्दीपलीकडं, गडचिरोली जिल्ह्यात. शाळेसाठी तो आमच्याकडे केशोरीत राहतो. नाव देत नाही, लेकराचं सारं आयुष्य पुढं आहे. चार वर्षांचा असताना त्याला सिकलसेल निघाला, एसएस. म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही दोष आलेले. बहीण आणि जावई दोघंही एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून लग्नाच्या वेळी दोघांनाही माहीत नव्हतं. असे दोन वाहक नवरा-बायको झाले, तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. आमच्या विदर्भात हा आजार घराघरांत आहे. आदिवासी समाजातच आहे असं नाही, इतर समाजांतही आहे.

मागच्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत त्याला ताप आला आणि अंग दुखायला लागलं. सिकलसेलचं दुखणं ज्यानं पाहिलं त्यालाच ते कळतं. लेकरू ओरडतही नाही, नुसतं कण्हतं. रात्री त्याला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.२ आलं. डॉक्टरांनी विचारलं, “याचं नेहमी किती असतं?”

बहीण म्हणाली, “सर, याचं सात-साडेसातच राह्यते जी. नेहमीच तेवढंच राह्यते.”

“कुठं लिहिलेलं आहे?”

लिहिलेलं होतं ना! घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेटीत. माझ्या मोबाईलमध्ये एका जुन्या रिपोर्टचा फोटो सापडला. मीच काढलेला. त्यात आकडे दिसत होते, पण वरचा भाग कापला गेला होता. ना नाव, ना तारीख, ना लॅब. डॉक्टर म्हणाले, “हा कोणाचा आहे, हे मी कसं मानू?” त्यांचं बरोबरच होतं.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. सिकलसेलच्या पेशंटचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. तुमचं-माझं सात झालं तर धावपळ होईल. त्याचं सात म्हणजे त्याची रोजची अवस्था. रक्त लावायचं की नाही, हे नुसत्या आकड्यावर नाही तर नेहमीच्या आकड्यापेक्षा किती खाली आलं, त्रास काय आहे, यावर ठरतं. विनाकारण रक्त लावण्याचे स्वतःचे धोके आहेत. त्या रात्री डॉक्टरांपुढे जुनं काहीच नव्हतं, समोर कण्हणारं लेकरू होतं. त्यांनी दोन दिवसांत दोन पिशव्या रक्त लावलं. मी त्यांना दोष देत नाही. लेकरू बरं होऊन घरी आलं.

खरी गोष्ट इथून पुढं आहे.

तीनेक आठवड्यांनी शाळेत तपासणीची चमू आली. सगळ्या पोरांचं रक्त घेतलं, याचंही घेतलं. पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली, मग नमुना पुढं इलेक्ट्रोफोरेसिसला गेला. काही दिवसांनी कागद आला. त्यावर लिहिलं होतं: एएस.

मी तो कागद वाचला आणि बहिणीला फोन केला. मीच मोठ्या आवाजात सांगितलं, “अगं, हा तर नुसता वाहक निघाला. आधीचाच रिपोर्ट चुकला असेल.” जावई दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. म्हणाला, “भाऊ, नऊ वर्सं झाली, या पोराच्या दुखन्यानं घर खाल्लं. देव पावला.” दिवाळीच्या सुमारास त्याच्या रोजच्या कॅप्सूल बंद झाल्या. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध आहे. ते दुखण्याचे झटके कमी करतं, आणि ते चालू असताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं. औषध आणायला गेलेल्या बहिणीनं नवा कागद दाखवला. वाहकाला हे औषध लागत नाही, असं उत्तर मिळालं. तेही चूक नव्हतं. कागदावर एएसच होतं ना.

जानेवारीत पुन्हा झटका आला. या वेळी छातीत दुखायला लागलं, श्वास लागेना. रात्री दोनला गाडी करून नागपूर. मोहगव्हाणासारखा अंधार, मागच्या सीटवर बहिणीच्या मांडीवर लेकरू, आणि मी पुढं बसून रस्त्यातले खड्डे मोजतोय. त्या तासांत मी काय काय कबूल केलं देवापुढं, ते इथे लिहीत नाही.

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी पिशवीतले सगळे कागद टेबलावर पसरले. एएसच्या कागदावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला: “हा नमुना घेण्याआधी रक्त लावलं होतं का?”

होतं. तीन आठवडे आधी. दोन पिशव्या.

झालं असं होतं, की लेकराच्या अंगात त्याचं स्वतःचं एस रक्त होतं आणि दात्याचं ए रक्तही होतं. दात्याच्या लाल पेशी अंगात तीन-चार महिन्यांपर्यंत टिकू शकतात. तपासणीच्या पट्टीवर ए आणि एस दोन्ही दिसले. दोन्ही दिसले की एएस, असं वाचलं गेलं. मशीन खोटं बोललं नाही. लॅबमधल्या माणसानं जे दिसलं तेच लिहिलं. फक्त रक्त लावल्याची गोष्ट त्या नमुन्याबरोबर गेली नाही. नऊ वर्षांपूर्वीचा एसएस रिपोर्ट दुसऱ्या जिल्ह्यात होता, तोही बरोबर गेला नाही.

नागपूरला नवं रक्त लावण्याआधी नमुना घेऊन पुन्हा तपासणी केली, एचपीएलसीनं. एसएस. नऊ वर्षांपूर्वी होता तोच. लेकरू वाचलं, बारा दिवसांनी घरी आलं. कॅप्सूल परत सुरू झाल्या. जावई मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग एका रविवारी मी घरातल्या जमिनीवर ते सगळे कागद मांडले. बातमीदाराची सवय. तुम्हीही आपल्या घरातले मांडून बघा. एका कागदावर ‘सिकलिंग: पॉझिटिव्ह’. दुसऱ्यावर ‘डीटीटी: पॉझिटिव्ह’. तिसऱ्यावर ‘सोल्युबिलिटी’ आणि पुढं नुसतं अधिकचं चिन्ह. चौथ्यावर ‘एचबी इलेक्ट्रोफोरेसिस: एएस’. मला वाटलं ह्या चार वेगळ्या तपासण्या. ओळखीच्या एका लॅब टेक्निशियनला विचारलं. तो हसला. “भाऊ, डीटीटी आन् सोल्युबिलिटी एकच हाय जी. सिकलिंग म्हनजे काचपट्टीवर बघतात ते, ते अलग. आन् या तिन्हींत एस हाय का नाही एवढंच समजते. वाहक का पेशंट, ते नाही समजत. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी लागते.”

म्हणजे एकाच तपासणीची दोन नावं, वेगळ्या तपासण्यांचा एकसारखा निकाल, आणि ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ कागदागणिक वेगळा. गावात किती घरं ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे पेशंट समजून घाबरून बसली असतील, आणि किती घरं वाहक समजून निर्धास्त असतील! सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते, कारण त्या वयात बाळाच्या रक्तात एस फार थोडं असतं. तो कागद पुढं दहा वर्षं घरात राहतो आणि सगळे म्हणतात, आमच्या पोराची तपासणी झाली आहे.

आकड्यांचाही असाच घोळ. आपल्याकडे म्हणतात, “रक्त सात टक्केच राहिलं.” ऐकणाऱ्याला वाटतं शंभरातलं सात. मूळ माप ‘ग्रॅम टक्के’, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात सात ग्रॅम हिमोग्लोबिन. निरोगी माणसाचंही ते बारा ते सोळाच्या आसपास असतं. काही मशीन तोच आकडा लिटरच्या हिशोबानं छापतं, तेव्हा ७.४ चे ७४ होतात. डेंगूच्या दिवसांत प्लेटलेट आठवा. एका लॅबच्या कागदावर १.५, दुसरीच्या १५०, तिसरीच्या १,५०,०००. तिन्ही एकच. पण रात्री बारा वाजता घाबरलेल्या बापाला ‘काल दीड होत्या, आज दीडशे झाल्या’ असं वाटलं, तर तो काय करेल?

आमच्या पिढीनं गोंदिया-चांदा छोटी लाईन पाहिली आहे. नव्वदच्या दशकात ती मोठी झाली. नागपूर-नागभीड मात्र छोटीच राहिली, ती २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तोवर नागभीडला उतरून बोचकी डोक्यावर घेऊन गाडी बदलायची. माणसं तीच, सामान तेच, फक्त रुळांमधलं अंतर वेगळं. आपले रिपोर्ट आज नागभीडच्या फलाटावर उभे आहेत. दर दवाखान्यात पेशंटनं गाडी बदलायची आणि स्वतःची बोचकी स्वतः उचलायची. अर्धी बोचकी मागे राहतात.

आता कोणी म्हणेल, सरकारनं काहीच केलं नाही. तसं नाही. मी हे वाचत बसलो तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं, की उत्तर बरंचसं तयार आहे.

जगात यासाठी एक संकेतावली आहे, लॉइंक. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रीजेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटनं १९९४ मध्ये सुरू केली. वापर फुकट आहे. प्रत्येक तपासणीला एक क्रमांक. तो क्रमांक ठरवताना सहा गोष्टी बघतात: काय मोजलं, कोणत्या स्वरूपात मोजलं, एका वेळचं की काही काळाचं, नमुना कशाचा, उत्तर आकड्यात की शब्दात, आणि गरज असेल तिथे कोणत्या पद्धतीनं. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ७१८-७. लॅब त्याला हिमोग्लोबिन म्हणो, एचबी म्हणो की एचजीबी, क्रमांक तोच. सोल्युबिलिटीचा क्रमांक वेगळा, इलेक्ट्रोफोरेसिसचा वेगळा. मापांसाठी वेगळी यादी आहे. आणि हे सगळं एका दवाखान्याच्या संगणकातून दुसऱ्याच्या संगणकात नेण्याचा जो ठरलेला साचा आहे, त्याचं नाव फायर.

भारत सरकारनं आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये आणली, २०१६ मध्ये सुधारली. त्यांत लॉइंक आहे. ही मानकं सांभाळणारं राष्ट्रीय केंद्र कुठं आहे माहीत आहे? आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये. लॅबचा रिपोर्ट फायरमध्ये कसा बसवायचा, याचा नमुनाही तिथूनच निघतो. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. ‘आभा’ हा चौदा आकडी क्रमांक त्यातलाच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा शिबिरात काढलेला असेल. कल्पना चांगली आहे. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो, आभा क्रमांकानं तो तुमच्या नावाशी जोडला जातो, आणि तुम्ही संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतो.

शिवाय १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, आणि २०४७ पर्यंत हा आजार आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा. शाळेत चमू येते ती अशाच मोहिमांतून. तपासणी होते हे चांगलंच आहे. मी तिच्या विरोधात नाही. ती झाली नाही तर निम्म्या घरांना काही कळणारच नाही.

मग माझ्या भाच्याच्या बाबतीत काय कमी पडलं? पुण्यातला साचा केशोरीच्या नमुन्याच्या शिशीपर्यंत पोचला नाही. शिशीवर नाव आणि क्रमांक होता. रक्त लावल्याची तारीख विचारणारा रकाना नव्हता, किंवा असला तरी कोणी विचारलं नाही. भाच्याचं आभा कार्ड आहे. मी उघडून बघितलं. त्यात त्याचं नाव, जन्मतारीख आणि फोटो आहे. एकही रिपोर्ट नाही.

हेही समजून घ्या, की रिपोर्टचा फोटो किंवा पीडीएफ आभाला जोडला तरी अर्धंच काम होतं. कागद हलला, पण आतला आकडा संगणकाला वाचता आला नाही. तपासणीचं नाव आणि निकाल संकेतासह नोंदवलेला असता, तर एक साधी गोष्ट आपोआप झाली असती. एसएस आणि एएस ह्या जन्माच्या गोष्टी आहेत. बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडला तर त्या बदलत नाहीत. चार वर्षांचा असताना एसएस असलेला मुलगा तेराव्या वर्षी एएस होऊच शकत नाही. दोन नोंदी एकमेकींशेजारी आल्या असत्या, तर संगणकानं लाल खूण दाखवली असती: थांबा, यातलं एक चूक आहे, पुन्हा तपासा. पाचवी शिकलेल्या माणसालाही ही विसंगती दिसली असती. माझ्यासमोर दोन्ही कागद होते, पण मला आनंद बघायचा होता, म्हणून मी जुना खोटा ठरवला. संगणकाला पेढे खायचे नसतात.

हे आपल्या देशात जमत नाही असंही कोणी सांगू नये. २०२० मध्ये करोना आला तेव्हा देशातल्या सरकारी-खासगी सगळ्या लॅबना आयसीएमआरच्या एकाच पोर्टलवर, एकाच साच्यात निकाल भरावे लागले. काही महिन्यांत सगळे शिकले. पण तेव्हा एका रोगासाठी केलं, रोग ओसरला तसं बाजूला पडलं. क्षयरोगाचं पोर्टल वेगळं, सिकलसेलचं वेगळं, गरोदर मातांचं वेगळं. आमची आशाताई आणि एएनएमताई एकाच बाईचं नाव चार ठिकाणी भरतात, तेही झाडाखाली नेटवर्क शोधत. काम वाढवून मानकीकरण होणार नाही. एकदा भरलेलं चार ठिकाणी गेलं पाहिजे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पोस्ट एकांगी होईल. संकेत लिहिला म्हणून चुकलेली तपासणी बरोबर होत नाही. मशीन नीट लावलेलं नसेल, नमुना उन्हात पडला असेल, तर चुकीचा आकडा जास्त वेगानं पाच जिल्ह्यांत जाईल. आणि गुप्ततेचं काय? आपल्या गावात ‘तिच्या घरी सिकल आहे’ एवढं बोललं, की मुलीचं लग्न अडतं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण शिबिरात अंगठा घेताना संमती म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगतं का? मोबाईल एकाचा आणि आभा सगळ्या घराचे, तर संमतीचा ओटीपी कोणाकडे येतो? सुनेच्या रिपोर्टची संमती सासरा देणार का? हे प्रश्न पुण्यात बसून सुटणार नाहीत, ते इथेच विचारावे लागतील.

म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्हा परिषद सदस्यांना आणि आमदार-खासदारांना माझ्या मागण्या अशा आहेत. पैशाच्या मोठ्या नाहीत.

१. सिकलसेलच्या प्रत्येक नमुन्याबरोबर एक प्रश्न सक्तीचा करा: गेल्या चार महिन्यांत रक्त लावलं का, आणि कधी? उत्तर ‘हो’ असेल तर त्या नमुन्यावरून एएस की एसएस हे कोणी ठरवू नये.

२. रिपोर्टवर तपासणीचं पूर्ण नाव, पद्धत, माप आणि नमुना घेतल्याची तारीख छापलेली असावी. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून देणं बंद करा. वाहक की पेशंट हे ठरलं नसेल तर मराठीत तसं लिहा: पुढची तपासणी बाकी आहे.

३. आढावा बैठकीत ‘किती आभा कार्ड काढले’ हा आकडा खूप झाला. किती लोकांचे लॅब रिपोर्ट वाचता येतील अशा स्वरूपात आभाला जोडले, तो आकडा मागा. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा यांची हद्दीवरच्या पेशंटांसाठी एकत्र बैठक घ्या.

४. तालुक्यातल्या छोट्या खासगी लॅबना मदत करा. डिजिटल नोंदींसाठी केंद्रानं २०२३ मध्ये प्रोत्साहन योजना आणली, पण ठराविक संख्येच्या वर नोंदी करणाऱ्यालाच तिचा लाभ ठेवला. एका खोलीत एका मशीनवर चालणारा आमचा लॅबवाला तिथवर कसा पोचणार? त्याला तयार संकेत असलेलं सॉफ्टवेअर आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. ग्रामीण भागातल्या कितीतरी तपासण्या त्याच्याकडेच होतात.

आणि हे सगळं होईपर्यंत आपण काय करायचं? ज्यांच्या घरात सिकलसेलचं लेकरू आहे त्यांना हात जोडून सांगतो. एक वही करा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: एसएस की एएस, कोणत्या तपासणीनं, कोणत्या साली. लेकरू बरं असताना त्याचं हिमोग्लोबिन किती असतं तो आकडा. रक्त लावल्याची प्रत्येक तारीख आणि किती पिशव्या. चालू औषधं. रिपोर्टचा फोटो काढताना वरचं नाव आणि तारीख आली पाहिजे, माझ्यासारखा डोकं कापलेला फोटो काढू नका. काही रिपोर्टची शाई वर्षभरात उडते, झेरॉक्स करून ठेवा. आणि एखादा नवा कागद जुन्यापेक्षा गोड बातमी सांगत असेल तर औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना दोन्ही कागद एकत्र दाखवा. पेढे नंतर.

लग्न ठरवताना दोन्हीकडचे रिपोर्ट बघणार असाल, तर ‘सोल्युबिलिटी’वर थांबू नका. ‘पॉझिटिव्ह’ आहे तर पुढची तपासणी झाली का विचारा. कुंडली बघतो तेवढ्याच शांतपणे विचारा, त्यात लाज कसली?

आमची वही आता तयार आहे. दोनशे पानी, निळ्या कव्हरची. पहिल्या पानावर भाच्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘सिकलसेल एसएस. नेहमीचं हिमोग्लोबिन ७.५.’ परवा मला विचारत होता, “मामा, हे सबन कॉम्प्युटरमधी कवा जाईन?” मी म्हणालो, जाईल. केव्हा, ते मला सांगता आलं नाही. शाळेला जाताना वही दप्तरात असते.

ज्यांच्याकडे असे दोन वेगवेगळे सांगणारे कागद असतील त्यांनी नाव न सांगता मला कळवा. दहा-वीस घरांची माहिती जमली तर नावं झाकून ती घेऊन मी गोंदियाला जाईन. एका घराची गोष्ट म्हणजे तक्रार. वीस घरांची झाली तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

काही तांत्रिक चुकलं असेल तर जाणकारांनी खाली दुरुस्त करावं, मी बदल करीन. बाकी पोस्ट आवडली नाही तरी चालेल, वहीचं मात्र मनावर घ्या.

#केशोरी #अर्जुनीमोरगाव #सिकलसेल